वरच्या फळीवरचा कप

सिबियू, १४ एप्रिल २००७

प्रिय मुर्शादादा,

झांबिलाचा नमस्कार. रूपावहिनीलाही सांग. ईस्टर सुखात गेला असेल, आणि वहिनीची रंगवलेली अंडी यंदाही सगळ्या गल्लीत भाव खाऊन गेली असतील. साफ्ता, हे पत्र तूच वाचून दाखवते आहेस हे मला ठाऊक आहे. त्या घरात दुसरं वाचणार तरी कोण? तेव्हा ऐक, लिहिलंय तेवढं सगळं वाचायचं. बाबांच्या कपाळावर आठी आली म्हणून ओळ गाळायची नाही.

दादा, फोन केला तर तू माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. पत्र मात्र वाचून घेतोस. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस, सांगणार नाही. पण आज मला लिहिल्याशिवाय चैनच पडणार नाही. सकाळपासून मी घरभर नाचते आहे. खालच्या मजल्यावरची म्हातारी दोनदा झाडूने छत ठोकून गेली.

मला काम मिळालं, दोन आठवडे झाले, तरी पाय जमिनीवर ठरत नाहीत! मुलांना शिकवायचं नाही, मास्तरांना शिकवायचं. पाचवी ते आठवीच्या मास्तरांना. आणि कुठल्या शाळेतल्या माहीत आहे? आपल्या पोयानाच्या, पुलापलीकडच्या त्या पिवळ्या शाळेतल्या. आपल्या तांबटांची मुलं ज्या वर्गात बसतात तिथे मास्तरांनी कसं शिकवायचं, मुलांच्या घरात कशाचा मान असतो आणि कशाची लाज, हे ओळखून धडा कसा घ्यायचा, हे मी त्यांना सांगायचं. मी! ज्या शाळेत मी शेवटच्या बाकावर बसून खिडकीतून तुझ्या भट्टीचा धूर बघायचे, तिथे आता मी फळ्यापुढे उभी असते आणि मास्तर बाकांवर.

पहिल्या दिवशी सगळे दात काढून घ्यायला आल्यासारखे बसले होते. खेळाच्या क्रिशानबाईंनी तर सुरुवातीलाच सांगून टाकलं की तुमच्या मुली हट्टी आहेत, खेळाच्या तासाला आखूड चड्डी घालत नाहीत, म्हणून त्या नापास होतात, यात शाळेचा काय दोष? मी पिशवीतून माझा जुना चुण्यांचा घागरा काढला आणि म्हटलं, बाई, हा तुमच्या कपड्यांवरून नेसा आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत माझ्याबरोबर पळा. बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, पण अंगाने काटक. नेसल्या, कासोटा मारल्यासारखा एका हाताने घागरा धरला आणि सुटल्या. दादा, मी हरले! सगळे मास्तर बाकांवर उभे राहून ओरडत होते. बाई धापा टाकत परत आल्या आणि म्हणाल्या, "पळता येतं की यात." मी म्हटलं, हेच तर आमच्या मुली तुम्हाला सांगत होत्या, फक्त त्यांना कुणी पळू दिलं नाही.

मग जीवशास्त्राचे ताके मास्तर बोलायला लागले. तरुण आहेत, कान पटकन लाल होतात. माणसाचं शरीर, मूल कसं होतं, तो सातवीचा धडा काढला की आपल्या मुलांची अख्खी रांग खिडकीतून उड्या मारून पळून जाते. मास्तरांना वाटायचं टवाळकी चालली आहे. मी विचारलं, त्या रांगेत कोण कोण बसतं? सगळे एकमेकांचे भाऊ, बहिणी, चुलत, मावस. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या बहिणीशेजारी बसून हा धडा ऐकाल का, आणि वर तुमचा मामेभाऊ समोर? कान लाल झाले. आता मुलींना एक बाई वेगळ्या खोलीत शिकवणार, मुलांना ते स्वतः. एवढी साधी गोष्ट! धडा तोच, पुस्तक तेच, फक्त लाज राखून.

असं रोज काहीतरी घडतं आहे, दादा. मला वाटतं आपल्या पिढीत कुणी आपल्याला हे विचारलंच नव्हतं. पाचवी ते आठवीतच आपली मुलं गळतात, आणि मुली तर आधी.

गणिताचे ओप्रेआ मास्तर वयस्क आहेत, फार बोलत नाहीत. काल मला थांबवून म्हणाले, सहावीत एक मुलगी आहे. मोठ्याने वाचायला लावलं की सगळा वर्ग गप्प होतो, इतकी छान वाचते. गणितात माझ्या आधी उत्तर सांगते. पण म्हणते, जूनमध्ये शाळा सुटली की संपलं, बाबा पुढे पाठवणार नाहीत. काय करावं?

मी त्यांना सांगितलं नाही की मी त्या मुलीला ओळखते. खरं तर ओळखतच नाही. तिला बघितलं तेव्हा ती पाळण्यात होती.

ती मुलगी आत्ता हे पत्र वाचते आहे, दादा. साफ्ता, थांबू नकोस, वाच.

जुनं मी काढत नाही. तू माझ्या लग्नाचा एका घराला शब्द दिला होतास आणि मी तो न पाळता शिकायला निघून आले. मला त्याचा पस्तावा नाही, तुझा राग गेलेला नाही, आपण दोघं तिथेच आहोत. पण मी माझ्यासाठी काही मागत नाहीये. एवढंच मागते की सहा मेच्या रविवारी या तीन मास्तरांना घेऊन मी घरी येऊ का? त्यांनी तुझ्याशी बोलावं, तू त्यांच्याशी. आजवर शाळेने तुला बोलावून घेतलं ते फक्त तक्रार ऐकवायला. एकदा शाळा तुझ्या दारात येऊ दे. मग तू हवं ते ठरव.

कॉफी करशील ना? माझ्या कपाचा कान तुटला होता तेव्हा तू तांब्याची तार गुंडाळून दिला होतास. तो कप आहे का अजून? जाऊ दे, हे उगीच विचारलं. साफ्ता, हे नाही वाचलंस तरी चालेल.

तुझी, चालत असेल तर, बहीण,
झांबिला


सिबियू, ७ मे २००७

प्रिय दादा,

काल रात्री घरी आले आणि अजून अंगातलं वारं उतरलेलं नाही. वहिनीने त्या दिवशी दुकानातून फोन करून "या म्हणतात" एवढंच सांगितलं होतं, तेव्हा मी फोन ठेवून रडले होते. कालचं सगळं तू तुझ्या बाजूने पाहिलंस. आता माझ्या बाजूने ऐक, नाहीतर तुला वाटेल मी माणसं वेडी निवडून आणली होती.

चूक माझीच. मला धास्ती होती की माझ्या मास्तरांच्या हातून काहीतरी गाढवपणा होईल आणि साफ्ताचं सगळं तिथेच संपेल. म्हणून मी त्यांना आठवडाभर घोकवलं. कपडे धुवायचं घमेलं वेगळं, भांडी घासायचं वेगळं, एकाला दुसऱ्याचा स्पर्श नको. घागऱ्याचा घेर जेवणाच्या भांड्याला लागू द्यायचा नाही. कमरेखालचं सगळं ओवळं. आणि हेही सांगितलं की बाहेरच्या माणसांना, म्हणजे तुम्हा गाज्यांना हे सोवळं कळत नाही असं आमचे लोक मानतात, म्हणून काही घरांत तुमच्यासाठी कपसुद्धा वेगळे असतात, वाईट वाटून घेऊ नका. मला वाटलं, वा, काय तयारी करून घेतली मी!

पुढचं तुला माहीत आहे. वहिनी कॉफी घेऊन आली आणि तिघांनी आपापल्या पिशव्या उघडल्या. क्रिशानबाईंचा मांजराचं चित्र असलेला कप. ओप्रेआ मास्तरांचं थर्मासचं झाकण. आणि ताके मास्तर, देवा, ताके मास्तरांनी सगळ्यांना पुरतील म्हणून कागदी पेल्यांची चळतच आणली होती!

वहिनीचा हात हवेतच राहिला. तुझ्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि काय झालं ते कळलं. त्याचा अर्थ मला माहीत होता, तुला माहीत होता, फक्त त्यांना माहीत नव्हता. आपल्या घरी येऊन जो आपल्या कपातून पीत नाही तो काय म्हणत असतो? तुम्ही घाणेरडे आहात, हेच ना? बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये आपण जन्मभर तेच ऐकलं. तू उठून उभा राहिलास. "कॉफी परत ने," असं वहिनीला म्हणालास. साफ्ता दारात उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी विसरणार नाही. मला वाटलं, माझ्याच हाताने मी या पोरीची शाळा बंद केली.

आणि मग क्रिशानबाई, ज्यांना गप्प बसणं म्हणजे शिक्षा, त्या काकुळतीने म्हणाल्या, "अहो, तुमचे कप आमच्यामुळे बाटू नयेत म्हणून आणलेत हो. तुमच्या बहिणीने आठवडाभर हेच शिकवलं आम्हाला."

तू त्या मांजराच्या कपाकडे बघितलंस. आणि मग हसलास! दादा, तुझं ते हसणं मी किती वर्षांनी ऐकलं. भट्टीच्या भिंतीला टेकून, डोळे पुसत. "ऐकलंस का रूपा? जन्मभर यांच्या दारात घाणेरडे आपण. आणि माझ्या बहिणीने आठवड्यात यांना पटवलं की घाणेरडे हेच!" मग मास्तरही हसायला लागले. वहिनीने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. ताके मास्तर कागदी पेले पिशवीत परत कोंबत होते आणि ते जमिनीवर घरंगळत होते.

माझ्या बहिणीने, असं म्हणालास तू. तुझ्या लक्षात आलं का? माझ्या आलं.

परतीच्या गाडीत सगळे एकदम बोलत होते. बाई म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला नियम पाठ करायला लावले, पण विचारायला शिकवलंच नाही." बरोबर बोलल्या. त्यांनी दारातच विचारलं असतं, कशातून पिऊ, तर कागदी पेल्यांची ही वरात निघालीच नसती. आज सकाळी मी माझा आखलेला कार्यक्रम बाजूला ठेवला. पहिला तास आता असा: मी काहीच सांगायचं नाही, मास्तरांनी आपापल्या घरचं सांगायचं. आणि काय काय निघालं म्हणून सांगू! बाईंची आजी म्हणे नवे बूट टेबलावर ठेवले तर अख्खं टेबल खरवडून धुवायची. ओप्रेआ मास्तरांच्या आईची उपासाची सुरी वेगळी असायची, मांसाला लागलेली सुरी उपासाच्या भाजीला चालायची नाही. ताके मास्तर एवढे शिकलेले, पण कुणाच्या उष्ट्या चमच्याने खाऊच शकत नाहीत. बाकावरच्या सगळ्यांना एकदम कळलं की सोवळं त्यांच्याकडेही आहे, फक्त त्याला ते कधी काही म्हणत नव्हते. मी आनंदाने टेबलावर थाप मारली, हात अजून दुखतो आहे.

आणि बाई खेळाच्या दिवशी घागऱ्यातल्या मुलींची शर्यत लावणार आहेत. स्वतः पळणार म्हणतात.

आता ते दुसरं. त्यासाठीच खरं तर लिहायला बसले आणि इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत राहिले.

कॉफी पुन्हा आली ती पांढऱ्या कपांतून. खालच्या फळीवरच्या, बाजारातून आणलेल्या. वरच्या फळीवर आईचे लाल काठाचे कप होते, घरच्यांचे. तू, वहिनी आणि साफ्ता त्यांतून प्यायलात. तांब्याच्या तारेचा कान असलेला माझा कपही तिथेच होता, तो मी आल्या आल्या पाहिला होता. तू तो फेकला नव्हतास. वहिनी पांढरे कप मांडत होती. तीन मास्तरांपुढे तीन. मग तू स्वतः फळीकडे हात केलास, आणि मी श्वास रोखून धरला, दादा, लहान पोरीसारखा. तू चौथा पांढरा कप काढलास आणि माझ्यापुढे ठेवलास.

मी प्यायले. चांगली होती कॉफी. मास्तरांना काही कळलं नाही.

त्यानंतर ओप्रेआ मास्तरांनी तुला सरळ विचारलं की साफ्ताला सातवीत का बसवत नाही. तू माझ्याकडे बोट दाखवलंस आणि म्हणालास, "शिकून काय होतं ते तुमच्या शेजारी बसलंय. ती आता आमची राहिली नाही." मी उत्तर दिलं नाही, कारण बाहेरच्या माणसांसमोर भावाला उलट बोलायचं नसतं. बघ, एवढी आपली तर मी अजून आहे.

पण आता घरात तुम्हीच आहात, तर बोलते. साफ्ता, आवाज चढव.

दादा, मी शाळेत गेले म्हणून परकी झाले नाही. मी अजून कपड्यांचं घमेलं वेगळं ठेवते. आईच्या स्मृतिदिनाला मी इथे एकटीने जेवण वाढते, खिडकी उघडी ठेवून. स्वप्नं आपल्याच भाषेत पडतात. मला परकी शाळेने केलं नाही. तू पांढरा कप ठेवलास तेव्हा मी परकी झाले. तुला भीती आहे की साफ्ता शिकली तर ती आपली राहणार नाही. ते तिच्या मास्तरांच्या हातात नाही, दादा. ती शिकून घरी येईल तेव्हा तिच्यापुढे कुठला कप ठेवायचा, ते तू ठरवणार आहेस. तिला सातवीत पाठव. आणि वरच्या फळीवर तिची जागा ठेव. दोन्ही जमतं. कुणीतरी एकाने करून दाखवायला हवं, एवढंच.

मला रागावू नकोस. किंवा रागाव, पण पत्र फाडू नकोस.

खालच्या फळीवरून,
झांबिला


पोयाना, १८ जून २००७

प्रिय झांबिलाआत्या,

बाबा सांगतात आणि मी लिहिते आहे. त्यांनी बजावलंय की ते बोलतील तसंच लिहायचं, स्वतःचं काही घालायचं नाही. मी हो म्हटलं आहे.

बाबा म्हणतात, तू लहानपणापासून चिवचिव करायचीस आणि अजून करतेस. तुझं पत्र एवढं लांब होतं की पोरीचा घसा बसला. आई म्हणते तसं काही नाही, बाबांनीच ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. (बाबा म्हणतात हे लिहायचं नव्हतं. मी लिहून टाकलं.)

बाबा म्हणतात, कप मी मुद्दाम ठेवला. बघायचं होतं, उठून जातेस की काय. तू गेली नाहीस. कॉफी शेवटपर्यंत प्यायलीस आणि कप स्वतः विसळून, उपडा घालून ठेवलास, आई ठेवायची तसा, भांड्यांच्या घमेल्यात, कपड्यांच्या नाही. ते मी पाहिलं. मग माझी झोप गेली.

खेळाच्या दिवशी ते शाळेत आले होते, आत्या. कुंपणाबाहेर उभे होते, आत आले नाहीत. क्रिशानबाई घागरा नेसून आमच्याबरोबर पळाल्या आणि वळणावर पडल्या, आणि बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले, "उचला त्यांना, उचला," की सगळ्यांनी वळून पाहिलं. मी पहिली आले. बाबा म्हणतात हे त्यांनी सांगितलेलं नाही. खरं आहे, हे माझं आहे.

बाबा म्हणतात, ओप्रेआ मास्तर काल पुन्हा आले होते. दारातच उभे राहून विचारलं, कशातून पिऊ? बाबा म्हणाले, या, आधी बसा तर खरं.

बाबा म्हणतात, माझी एक अट आहे. महिन्यातून एका रविवारी तू इथे यायचं. मास्तरांना घेऊन नाही, एकटीने. इथे बसून कॉफी प्यायची. शिकलेल्या मुलीपुढे या घरात कुठला कप ठेवतात, ते पोरीने डोळ्यांनी बघायला हवं, नाहीतर ती कशावर विश्वास ठेवणार?

एवढं सांगून ते उठले. मग फळीकडे गेले, तारेचा कप काढला, कान हलवून बघितला. म्हणाले, लिही तिला. तार अजून घट्ट आहे.

सांगणारा, तुझा दादा मुर्शा
लिहिणारी, सातवीतली साफ्ता